आधी खुर्द, मग बुद्रुक

माझं माहेर पोलादपूरच्या पुढे आहे. घाटाच्या रस्त्याने जाताना एक फाटा लागतो. तिथून उजवीकडे नदीच्या अंगाला उतरलं की आमचं गाव. त्याच नावाचं दुसरं गाव डावीकडे वर आहे. ते मोठं म्हणून बुद्रुक आणि आमचं लहान म्हणून खुर्द. बुद्रुकची माणसं स्वतःच्या गावाला कधी बुद्रुक म्हणत नाहीत. नुसतं गावाचं नाव घेतात, जणू त्या नावाचं दुसरं गाव नाहीच. आम्हाला मात्र दर वेळी खुर्द जोडावं लागतं, आणि जोडलं तरी ऐकणारा तेवढंच नेमकं ऐकत नाही. आमच्याकडे यायचा पाहुणा आधी बुद्रुकला जातो, तिथे हसं होतं आणि मग तो खाली येतो.

म्हणून खुर्दची एक रीत आहे. लग्नकार्य असलं की फाट्यावर एक माणूस उभा करायचा. वऱ्हाड येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही आणि त्याला दुसरं काम सांगायचं नाही.

ही रीत इतकी कडक झाली ती माझ्या लग्नापासून. त्या दिवशी फाट्यावर माझे चुलते उभे होते. उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून ते टपरीच्या मागे सावलीला गेले, आणि तेवढ्यात वऱ्हाडाचा ट्रक डावीकडे वळून वर गेला. बुद्रुकच्या लोकांनी वऱ्हाड देवळात बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. सगळ्यांचा चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "लग्न कुणाच्या घरी?" इकडे मी मुंडावळ्या बांधून बसले होते आणि मुहूर्त टळून गेला होता. तेव्हापासून बुद्रुकवाले म्हणतात, "खुर्दची लग्नं आणि आमचा चहा." माझ्या सासरचेही कितीतरी वर्षं म्हणायचे, "तुमच्या लग्नातला चहा बाकी फक्कड होता हो."

लग्नानंतर मी महाडला आले. यजमान औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जात. मी घर सांभाळलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि स्वभावाने अशी की दारात परकं माणूस आलं की मी माजघरात. बोलायची वेळ आली तर मुलीला पुढे करायची. मुलगी कॉम्प्युटरचं शिकली आणि घरीच एक जुना कॉम्प्युटर घेऊन लोकांच्या वेबसाइट करू लागली. तिच्या बालवाडीच्या पुस्तकातून मी इंग्रजी अक्षरं तिच्याबरोबरच शिकले होते. अर्थ कळत नसे, पण अक्षरं ओळखता येत. म्हणून ती काम करताना मी शेजारी बसून भाजी निवडायची आणि ती म्हणेल ते वाचून दाखवायची.

आमच्या खोऱ्यातल्या गावांचं मुंबईला एक मंडळ आहे. त्यांची वेबसाइट होती. प्रत्येक गावाचं एक पान. एसटी कुठली, देवीची जत्रा कधी, कुणाकडे लग्न आहे, कुणाकडे वाईट झालं, सगळं त्यावर. मुंबईतली माणसं ऑफिसात बसून आपल्या गावाचं पान उघडून बघत. मंडळाने कॅलेंडर छापलं होतं, त्यावर प्रत्येक गावाच्या नावापुढे त्याच्या पानाचा पत्ता दिला होता. मग मंडळाने वेबसाइटला नवं नाव घेतलं आणि सगळी पानं नव्या जागी न्यायचं काम माझ्या मुलीला दिलं.

पानं नेणं सोपं होतं. अवघड होतं ते जुन्या पत्त्यांचं. कॅलेंडर घरोघरी लागलेलं. त्यावरचा पत्ता टाकून येणारा माणूस हात हलवत परत जाता कामा नये. मुलीने मला समजावलं, की वेबसाइटची पानं एका कॉम्प्युटरवर ठेवलेली असतात, त्याला सर्व्हर म्हणतात. तो कुठल्या गावी आहे ते तिलाही माहीत नव्हतं. जुन्या पत्त्यावर कुणी आलं, की या सर्व्हरने त्याला सांगायचं, ते बिऱ्हाड इथून हललं, त्या तिथे जा. याला रिडायरेक्ट म्हणतात. हे सांगायचं कसं, त्याचे नियम एका फाइलीत लिहायचे. त्या फाइलीच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असतं आणि नुसतं बघायला गेलं तर ती यादीत दिसतही नाही. दिसत नाही पण जोर केवढा! एकदा मुलीच्या हातून त्यात एक चिन्ह चुकीचं पडलं आणि सगळ्या खोऱ्याची पानं एकदम गायब झाली. तिने आधीची प्रत जपून ठेवली होती, ती परत चढवली तेव्हा पानं दिसायला लागली. तेव्हापासून प्रत काढल्याशिवाय ती त्या फाइलीला हात लावत नसे.

नियमांत दोन प्रकार होते. एक तात्पुरता, एक कायमचा. मी म्हटलं, "म्हणजे माहेरपणाला गेलेली आणि लग्न करून गेलेली."

ती हसली. "आई, अगदी तसंच. ही पानं लग्न करून गेली. कायमची."

आणि तिने सगळीकडे कायमचं लिहिलं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईचा, त्याची माणसं आमच्या भागात पहिल्यांदाच येणार. भाऊ पत्रिका घेऊन आला तेव्हा फार खुशीत होता. पत्रिकेवर त्याने खुर्दच्या पानाचा पत्ता छापून घेतला होता, कॅलेंडरवर होता तोच. पानावर लग्नाची वेळ, मांडवाची जागा आणि फाट्यावरून कुठे वळायचं ते भाचीनेच, म्हणजे माझ्या मुलीने, लिहून दिलं होतं.

"या खेपेला फाट्यावर माणूस नाय," भाऊ म्हणाला. "कशाला पायजे? समदं इंटरनेटवर हाय. व्याही म्हणाले, आमी पान बघून सरळ मांडवात येतो. काय गो भाचे, बरोबर ना?"

"बरोबर मामा," मुलगी म्हणाली.

"माझ्या वेळी काय झालं ते विसरलास?" मी विचारलं.

"ताई, तवा काका होता फाट्यावर. आता कॉम्प्युटर हाय. कॉम्प्युटर सावलीला जातो काय?"

सगळे हसले, मीही हसले. पण मनात राहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी बाजारात गेली होती. मी कॉम्प्युटरसमोर बसले, पत्रिका पुढे ठेवली आणि एकेक अक्षर बघून पत्ता टाकला. गावाचं नाव, आडवी रेघ, खुर्द. पान उघडलं. वर देवळाचं चित्र होतं आणि देवळापुढे उंच दीपमाळ. आमच्या देवळापुढे दीपमाळ नाही, एक चाफा आहे. दीपमाळ बुद्रुकला आहे. मी पुन्हा सगळी अक्षरं ताडून पाहिली. मी चुकले नव्हते. खुर्द टाकलं होतं आणि समोर बुद्रुक आलं होतं.

मुलगी आल्यावर म्हणाली, "आई, खुर्द नीट टाकलंस का?"

"तू टाक."

तिने टाकलं. दीपमाळ. तिने ती टिंबवाली फाइल उघडली, वरून खाली वाचली आणि कपाळाला हात लावला.

झालं होतं ते असं. पहिली वेबसाइट मंडळाच्या चिटणीसांनी केली होती. ते बुद्रुकचे. त्यांनी आपल्या पानाच्या पत्त्यात बुद्रुक लिहिलंच नव्हतं, नुसतं गावाचं नाव. आणि यादीत आपलं गाव पहिलं. मुलीने त्याच क्रमाने नियम लिहिले. सर्व्हर नियम वरून वाचत येतो आणि जो पहिला लागू पडेल तो घेऊन मोकळा होतो, खालचे बघत नाही. पहिला नियम होता, या नावाने सुरू होणारं काहीही आलं तर बुद्रुकला पाठव. खुर्दचा पत्ताही त्याच नावाने सुरू होतो. खाली खुर्दचा नियम होता, पण तिथपर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

"म्हणजे फाट्यावर बुद्रुकचा माणूस आधी उभा आहे," मी म्हटलं. "नाव ऐकलं की शेवटचं न ऐकताच वर पाठवतो."

"हो ना. आणि आपला माणूस त्याच्या मागे उभा."

"मग आपला पुढे आण."

तिने खुर्दचा नियम वर घेतला. शिवाय बुद्रुकच्या नियमात नावाच्या शेवटी एक चिन्ह घातलं. ते डॉलरचं चिन्ह होतं. मी विचारलं, यात पैसे कुठून आले? ती म्हणाली, इथे त्याचा अर्थ नाव संपलं. सुरुवातीला टोपीसारखं एक चिन्ह होतंच. टोपी म्हणजे इथून सुरू, डॉलर म्हणजे इथे संपलं, पुढे काही आलं तर तो आपला नव्हे. मला ते फार आवडलं. एवढं एक चिन्ह माझ्या लग्नात बुद्रुकच्या देवळाबाहेर उभं असतं तर!

फाइल चढवली, पत्ता टाकला. पुन्हा दीपमाळ.

मुलगी चक्रावली. फाइल चढलीच नाही की काय म्हणून पुन्हा चढवली. दीपमाळ हलेना. शेवटी ती चवदार तळ्याजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बघून आली. धावतच आली. "तिथे आपलं पान उघडतंय! चाफा दिसतोय!"

"मग इथे का नाही?"

ती बराच वेळ वाचत बसली, मग वळून म्हणाली, "आई, आपण कायमचं लिहिलं होतं. आपल्या कॉम्प्युटरने ते एकदा ऐकलं. आता तो सर्व्हरला विचारायलाच जात नाही. त्याला वाटतं, माहीत आहे की, कायमचं गेलंय."

"म्हणजे ज्याने ज्याने आधी उघडलं होतं..."

"ते सगळे बुद्रुकला जाणार. कॅफेतला कॉम्प्युटर पहिल्यांदाच गेला म्हणून त्याला बरोबर सांगितलं."

तिने लगेच मुंबईला नवरदेवाच्या काकांना फोन लावला. त्यांच्या घरी आमचं पान उघडून बघायचं काम त्यांच्याकडेच होतं. "काका, तुमच्याकडे देवळापुढे काय दिसतंय?"

"दीपमाळ. छान आहे हो तुमचं देऊळ. मी तर कागदही छापून घेतला, ड्रायव्हरला द्यायला."

मुलीने त्यांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, काळजी नको, मी स्वतः ड्रायव्हरला सांगतो. पण प्रश्न एकट्या काकांचा नव्हता. मुंबईहून येणारी आमची भावकी, नवरीच्या मैत्रिणी, वीर स्टेशनला उतरून रिक्षा-जीप करून येणारे, कुणी कुणी आधी उघडून पाहिलं होतं त्याचा पत्ता कसा लागणार? ज्याच्या कॉम्प्युटरने एकदा कायमचं ऐकलं, त्याच्यापर्यंत आता सर्व्हरचं म्हणणं पोचत नव्हतं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामाची मुलगी मुंडावळ्या बांधून बसेल आणि वऱ्हाड वर चहा पीत असेल. माझ्यामुळे."

मी म्हटलं, "ते सगळे जातात कुठे?"

"बुद्रुकच्या पानावर."

"मग तिथेच सांग ना त्यांना. माणूस वर गेलाच असेल तर तिथून खाली फिरवायचा. वरच्या पानावर पाटी लाव, खुर्दच्या लग्नाला आलेल्यांनी इकडे यावं."

तिने उठून मला मिठीच मारली. पण बुद्रुकच्या पानावर काही लिहायचं तर चिटणीसांना विचारायला हवं होतं. तिने फोन केला, मी शेजारी कान देऊन बसले.

"आमच्या पानावर खुर्दची पाटी?" चिटणीस म्हणाले. "उद्या म्हणाल आमच्या देवळात तुमचा देव बसवा."

"काका, चूक माझ्या नियमात होती. पण मुळात तुम्ही पत्त्यात बुद्रुक लिहिलं असतंत तर..."

"आम्ही कशाला लिहू? आमचं गाव तेच आहे!" मग हसून म्हणाले, "लाव बाई, मोठ्या अक्षरात लाव. नाहीतर त्या दिवशी पुन्हा चहा आम्हालाच करायला लागायचा."

पाटी लागली. खुर्दच्या लग्नाला निघालात तर फाट्यावरून उजवीकडे, नदीकडे उतरा. त्यावर क्लिक केलं की आमचं पान. आणि त्या दिवसापासून मुलीने स्वतःला शिस्त लावली. नवा नियम आधी तात्पुरता लिहायचा, प्रत्येक पत्ता स्वतः उघडून बघायचा, सगळं जुळलं की मगच कायमचं करायचं. मी म्हटलं, आधी साखरपुडा, मग लग्न. आजही ती ते तसंच म्हणते, तिच्या हाताखाली शिकणाऱ्यांनाही तसंच सांगते.

पण ज्यांनी पाटी लागण्याआधीच पान बघून कागद छापून घेतले होते, त्यांचं काय? कागदावर पाटी कोण लावणार? लग्नाच्या आदल्या दिवशी मी भावाला म्हटलं, "फाट्यावर माणूस हवा."

"आता कोण मोकळा हाय गो? मांडव, पाणी, जेवणावळ... समदे अडकलेत. आणि भाचीनं केलं ना दुरुस्त?"

"केलं. जेवढं तिच्या हातात होतं तेवढं केलं. मी उभी राहते."

भाऊ माझ्याकडे बघून हसायलाच लागला. "तू? पावना आला की तू माजघरात. तू गाडी थांबवनार?"

वहिनी म्हणाली, "बाईमाणूस कदी उभं ऱ्हायलंय फाट्यावर?"

"कधी नाही," मी म्हटलं. "म्हणून तर काका सावलीला गेले."

मुलगी माझ्याबरोबर येते म्हणत होती. मी म्हटलं, तू करवली आहेस, नवरीजवळ थांब. तिला धीर द्यायला कुणी हवं.

सकाळी नवी साडी नेसून, पदराला थोड्या अक्षता बांधून, छत्री घेऊन मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. चिटणीस मे महिन्याची सुट्टी घेऊन गावी आले होते. टपरीवर बसून चहा पीत होते. मला बघून म्हणाले, "काय ताई, वेबसाइट बंद पडली काय? तुम्हाला उभं केलंय?"

मी नुसती मान हलवली. गाड्या येऊ लागल्या. पहिल्या जीपला हात करताना तोंडातून शब्द फुटेना, हातानेच उजवीकडे दाखवलं. दुसऱ्या गाडीला म्हटलं, खुर्द खाली. तिसऱ्या गाडीपर्यंत माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका मोठा झाला होता. एका जीपवाल्याकडे छापलेला कागद होता, त्यावर दीपमाळ. त्याला मी परत वळवला.

मग वऱ्हाडाची बस आली. ड्रायव्हरला सांगणारे नवरदेवाचे काका त्यात नव्हते, ते मागच्या गाडीत होते आणि ती गाडी कुठेतरी मागे राहिली होती. बसचा डावीकडचा दिवा लुकलुकत होता. मी रस्त्याच्या मधोमध गेले आणि छत्री आडवी धरली.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. "ओ मावशी! मरायचंय का? बाजूला व्हा, वर जायचंय."

"कुणाच्या लग्नाला?"

त्याने कागद काढला. "हे बघा, देऊळ, दीपमाळ, सगळं लिहिलंय."

"कागद जुना आहे. ज्या घरी लग्न आहे ते खाली आहे. मी नवरीची आत्या. उजवीकडे घ्या."

ड्रायव्हर घुटमळला. बसमधून कुणीतरी ओरडलं, "अरे, कागदावर तर डावीकडे आहे!" टपरीवरून चिटणीस म्हणाले, "येऊ द्या हो वर, आमचा चहा तयार आहे." टपरीवरचे सगळे खो खो हसले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "या खेपेला चहा आमच्याकडे," मी म्हटलं. "तुम्हीच खाली या, आणि तुमच्या तोंडाने यांना सांगा खुर्द कुठे ते."

ते कप ठेवून उठले, बसच्या दाराशी गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "उजवीकडे. वर आज कुणाचंही लग्न नाही." आणि तसेच दारात चढून उभे राहिले, रस्ता दाखवायला.

बस खाली उतरली. मला जाता येईना, काकांची गाडी आणि वीरहून येणारे काही जण अजून यायचे होते. वऱ्हाड येईपर्यंत जागा सोडायची नाही ही रीत, आणि सगळं वऱ्हाड अजून आलं नव्हतं. मी उभी राहिले. काकांची गाडी आली, काच खाली करून ते म्हणाले, "तुम्ही अजून इथे? चला, बसा."

"एक जीप राहिली आहे," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे."

जीपची वाट बघत असतानाच खालून लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली. मुहूर्तावर. मी पदराची गाठ सोडली. 'सावधान' ऐकू आलं तशी नदीकडे तोंड करून अक्षता टाकल्या. थोड्या वेळाने शेवटची जीप आली. तिचाही दिवा डावीकडे लुकलुकत होता. तिला उजवीकडे वळवलं आणि तिच्यातच बसून खाली गेले.

मांडवात चिटणीस माझ्या भावाशेजारी बसून चहा पीत होते. मला बघून भावाने जागा करून दिली.